भिवरा आणि तळ्याची शिळा

एकदा काय झालं, एका गावात होतं एक तळं. तळ्याच्या तोंडावर हत्तीएवढी शिळा. ढकलून ती तसूभर हलायची नाही. पण दर चैत्रात अख्खं गाव काठावर उभं राहून गायला लागलं, की शिळा आपोआप वर उचलली जायची. मग पाणी वाफ्यांत. गाणं तुटलं की शिळा धप्पकन खाली! अशी तिची तऱ्हा, बरं का.

गावात भिवरा नावाची कुंभारीण होती. घसा फाटका, आणि गाण्याचे शब्द मेले कधी पाठच नाहीत. शेजारणीचं ऐकायची, मग म्हणायची. त्यामुळे सगळ्यांच्या मागे एक शब्द. पण गायची मात्र जीव ओतून. वर्षभर ती याच दिवसाची वाट बघायची.

एका वर्षी राजा आला. गाणं सुरू झालं, तसे त्याने कानांवर हात ठेवले. "हे कोण रेकतंय? बाजूला बसवा."

पाटील खाली बघत म्हणाले, "भिवरे, जरा तिकडे बस गं."

भिवरा कडुलिंबाखाली जाऊन बसली. फार वाईट वाटलं तिला.

मग गाव गायलं. शिळा वर आली, आणि धप्प! दुसऱ्या दिवशी राजाने दरबारचे गवई आणले. काय गोड गळे! तरी धप्प. तिसऱ्या दिवशी राजा स्वतः गायला. शिळा बोटभर वर आली, पुन्हा धप्प. तिकडे वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या. बायका रडकुंडीला आल्या. "आता पोरांना घालायचं काय?"

भिवरा तीन दिवस नुसती ऐकत होती. मग तिच्या ध्यानात आलं. ओळ संपली की सगळे एकदम दम घेतात, आणि नेमकं तिथे गाणं तुटतं.

ती उठून राजापुढे गेली. "महाराज, हे सगळे दम घेतात ना, तेव्हा माझा शेवटचा शब्द चालू असतो."

राजाने पाटलांकडे बघून मान हलवली. पाटील म्हणाले, "ये बाई, उभी राहा."

मग सगळे गायले. शेवटचा वाफा भिजेपर्यंत शिळा वरच राहिली.

राजा म्हणाला, "बाई, तुला काय देऊ?"

"काही नको, महाराज. गाणं बाहेरून फार गोड लागतं, ते मला आत्ता कळलं. पण मला आपलं आतच बरं."

मग राजा गेला आपल्या गावी, भिवरा गेली आपल्या चाकाशी, आणि वांगी लागली चांगली मुठीएवढी. सगळे पोटभर जेवले, सुखात राहिले. संपली गोष्ट. आता पाय गोधडीच्या आत घ्या नि मिटा डोळे.