सोळा सोमवार आणि परवाची मुदत

“पण माई, खरं सांगायला वकील कशाला लागतो?”

श्रीपादनं विचारलं तेव्हा माई मठाच्या ओसरीवर सकाळच्या फुलवाती वळत होत्या. बारा वर्षं तो त्यांच्यापाशी शिकत होता. मंत्र तोंडपाठ, आवाज खणखणीत. आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

समोर वनिता बसली होती. नवरा परदेशी जाऊन दोन वर्षं झालेली. त्याच्याकडे जायचा तिचा अर्ज दोनदा नाकारला गेला होता.

“का गं नाकारतात?” माईंनी विचारलं.

“पासपोर्टवर मी वनिता. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘ऋजुता’ लिहिलं, तेच नाव लग्नाच्या दाखल्यावर चढलं. तिकडचे म्हणतात, या दोन निराळ्या बायका. मी पत्र धाडलं, देवाशपथ ती मीच म्हणून…”

“मग?”

“परत नकार. वकीलबाई म्हणाल्या, नाव बदलल्याचे पुरावे, शपथपत्रं, सगळं ओळीनं लावून अपील करू, होईल काम. पण श्रीपाददादा म्हणाले, वकिलाचे उंबरे कशाला झिजवतेस, सोळा सोमवार धर.”

“किती झाले?”

“चार.”

“आणि अपिलाची मुदत?”

“परवा संपते.”

माईंच्या हातातली वात गळून पडली.

“परवा! अगं बाई…”

श्रीपाद हसला. “देवाच्या घरी कसली आलीय मुदत, माई?”

माईंनी फुलवाती बाजूला सारल्या.

“बरं. हिच्या अर्जासाठी देवापुढे संकल्प सोडू. वनिता, तुला येतो सांगता?”

“छे हो माई, मला कुठलं आलंय संस्कृत!”

“मग हिच्या वतीनं तू सांग, श्रीपाद.”

तो ताठ बसला. तळहातावर पाणी घेतलं. तिथी, वार, नक्षत्र… कुठं अडखळला नाही. मग जिच्यासाठी संकल्प, तिच्या नावाची जागा आली.

तो थांबला.

“कुठलं नाव घेऊ गं?”

वनितानं चमकून वर पाहिलं. डोळे भरून आले.

“दादा… तुम्हीसुद्धा?”



पाणी बोटांच्या फटींतून निथळून गेलं. श्रीपादचा चेहरा पांढराफटक पडला.

“माई… मी हिला काय करायला लावलं हे!”

माईंनी त्याच्या हातात कोरडा पंचा दिला.

“माई, राहिलेले सोमवार?” वनितानं घाबरत विचारलं.

“ते कर की. सोमवारांनी कुठं तुझी वाट अडवलीय?”

मग त्या श्रीपादकडे वळल्या.

“नऊची एसटी आहे. हिला वकीलबाईंकडे घेऊन जा. आणि हे बघ… तिथं तू मध्ये बोलू नकोस.”