उपाशी मृदंग

फार वर्षं लोटली त्या गोष्टीला. कंबोडियातल्या मोठ्या तळ्याकाठी एका गावात ता छुम राहत होता. 'ता' म्हणजे आजोबा. असं म्हणतात, की तो तरुण असल्यापासून लोक त्याला 'ता'च म्हणत, कारण त्याचा मृदंग त्याच्याहून फार म्हातारा होता. अख्ख्या खोडातून कोरलेला तो मृदंग बोलला, की विहारातली बाकीची वाद्यं जागी होत. म्हणून सगळे त्यालाच गुरू मानत, त्याच्यापुढे उदबत्ती लावत. कुणी त्याला ओलांडून जात नसे. वाजण्याआधी त्याला घास लागे. भात राखेत मळून कातड्यावर थापला, तरच त्याचा आवाज खोल जाई.

एका वर्षी पुरानं शेतं गिळली. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला आणि त्यांना नवी वस्त्रं देण्याचा, चीवरदानाचा, शेवटचा दिवस उजाडला. भन्तेजींची चीवरं घेऊन गावाच्या नावा निघाल्या. पहिल्या नावेत ता छुमची बायको रूम होती. तळ्यावर धुकं असं उतरलं, की वल्हवणाऱ्याला वल्ह्याचं टोक दिसेना. टेकडीवरच्या विहारातून मृदंग घुमला, तरच नावांना वाट सापडणार होती.

ता छुमकडे मूठभर भात होता, मृदंगासाठी राखलेला. तो राख घ्यायला वाकला आणि त्याला विहाराच्या पायरीवर एक बाळंतीण दिसली. पुरातून कशीबशी वाचून आलेली. तान्हं तिच्या कोरड्या छातीशी झगडून रडत होतं.

त्यानं मृदंगाकडे पाहिलं. मग मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली.

"अरे येड्या!" सनईवाला सारोन ओरडला. "गुरूचा घास देऊन टाकलास! आता काय स्वतःचं डोकं बडवणार?"

"पोकळ आहे. बरं वाजेल," ता छुम म्हणाला.

तळ्याचा काळा गाळ आणून त्यानं कातड्यावर थापला आणि मृदंगापुढे डोकं टेकलं. "गुरुजी, आज तुम्हीही आमच्यासारखेच उपाशी. सांभाळून घ्या."

त्यानं थाप मारली. काहीच ऐकू आलं नाही. असं म्हणतात, की तो आवाज वर उठलाच नाही, पाण्याखालून गेला. मासे थबकले. नावांचे तळ थरथरले. वल्ह्यांतून ती थरथर माणसांच्या तळहातांत चढली, आणि डोळे मिटून सगळे तिच्यामागे आले. एकही नाव चुकली नाही.

रूम उतरली ती गाल धरूनच. "अहो, काय खायला घातलंत त्याला? माझे दात अजून हलताहेत!"

आजही त्या गावात चीवरदानाच्या सकाळी मृदंगासाठी भात शिजतो. पहिली मूठ पायरीवरच्या भुकेल्याला मिळते, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत गुरू थांबतो. मग मृदंगाच्या एका तोंडावर भात थापतात, दुसऱ्यावर तळ्याचा गाळ. आणि तळ्यावर धुकं असो नसो, पहिली थाप पडली की नावेतली माणसं डोळे मिटून घेतात.