सरदारांची उंच बैठक

किल्ल्याखालच्या पेठेत रुकय्याबीला दोन हमामखाने काढायचे होते, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. तांब्याचे हंडे आले, पंचे आले, अडलं ते दगडावर. खाण सरदार रणनवऱ्यांची.

"दगड एकाच हमामापुरता मिळेल," सरदार मिशीवर हात फिरवत म्हणाले. "आणि माझी बैठक सगळ्यांच्या वर हवी. कुंभार-तेल्यांच्या मांडीला मांडी लावून मी बसणार नाही."

"तुमचा चौथरा थेट घुमटापर्यंत नेते, सरकार. फक्त त्यासाठी दगड जास्त लागेल."

सरदार खूश झाले. गाड्या भरभरून दगड आला.

पहिल्या दिवशी सरदार पायऱ्या चढून ऐटीत वर बसले. भट्टी पेटली, वाफ उठली आणि घुमटाखाली कोंडली. खाली कुंभार मजेत अंग चोळत होते. वर सरदार विटेसारखे लाल झाले आणि धापा टाकत कुंभारांच्या शेजारी येऊन टेकले.

बाहेर आल्यावर त्यांनी रुकय्याबीला खडसावलं, "वर एवढा उकाडा कसा?"

ती अदबीने म्हणाली, "वाफेलाही मान कळतो, सरकार. ती आधी थोरांच्या भेटीला जाते."

सरदार पुटपुटले, "पाडून टाक तो चौथरा."

रुकय्याबीने तो त्याच दिवशी पाडला. त्या दगडात शेजारी बायकांचा हमामखाना उभा राहिला.