एकविसावी पदवी

"वीस पदव्या झाल्या, आता एकविसावी हवी!" शार्दूलराजे गरजले. "उद्यापासून ललकारीत आम्हाला 'लाघवी' म्हणायचं!"

काल रस्त्यात बायकांनी एका पाणक्याला लाघवी म्हटलं होतं, तेवढ्यानं राजांच्या पोटात दुखत होतं. तोंड मात्र बारा महिने एरंडेल प्यायल्यासारखं! हैबती चोपदाराला भर दरबारात हसू फुटलं, आणि तिथंच घात झाला.

"हसतोस? मग ऐक! उद्या दरबार उठायच्या आत कुणीतरी मला आपणहून लाघवी म्हटलं पाहिजे. हुकमानं नाही, भीतीनं नाही, बिदागीनंही नाही! नाहीतर तुझी चांदीची काठी काढून घेईन आणि गावाबाहेर हाकलीन!"

हैबतीनं घरी येऊन कपाळाला हात लावला. त्याची लेक हौसा फणकारली, "लाघवी म्हणवून घ्यायला फर्मान काढणारा हा पहिलाच! आबा, उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली, ती शेजारच्या ठार बहिऱ्या ठकूबाई माळणीला घेऊनच. तिथं शास्त्रीबुवा अर्थ सांगत होते, "लाघवी म्हणजे मनोहर, मधुर, चित्तहारक..." आणि राजे प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते.

"शास्त्रीबुवा, अर्थ पोथीत राहू द्या, वापर आमच्याकडून ऐका!" हौसा म्हणाली. "दुडदुडत येऊन मांडीवर बसतं ते पोर लाघवी. चार दिवसांत सासूला आपलंसं करते ती सून लाघवी. आणि गोड बोलून आपली म्हैस दुसऱ्याच्या वैरणीवर पोसतो ना, त्या शेजाऱ्यालाही आम्ही लाघवीच म्हणतो, पण नाक मुरडून!"

"आणि मी?"

"ते पाहावं लागेल, सरकार. हा शब्द लोक माणसाच्या पाठीमागं म्हणतात. आपण जरा दाराआड उभं राहावं."

राजे दाराआड गेले मात्र, दिवाणजींनी पगडी काढून टक्कल खाजवलं. "हुश्श! गेलं एकदाचं एरंडेल!" शास्त्रीबुवांनी पानाचा विडा तोंडात कोंबला. सगळा दरबार खिदळायला लागला.

राजे लालबुंद होऊन आत आले. "हे काय ऐकतोय मी?"

हौसाची जीभ काही अडखळली नाही. "सरकार, लाघवी माणूस आला की घर फुलतं. आपण गेलात की फुलतं!"

राजांनी दिवाणजींचं उघडं टक्कल पाहिलं, शास्त्रीबुवांचा फुगलेला गाल पाहिला. त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि ते जे हसत सुटले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

ठकूबाई हौसाच्या कानाशी पुटपुटली. बहिरीचं पुटपुटणं ते, पार देवडीपर्यंत ऐकू गेलं. "अगं बया! हसला की किती लाघवी दिसतो गं मेला!"

"झालं, सरकार!" हौसानं टाळी वाजवली. "तिला आपला हुकूम ऐकूच गेला नाही, मग भीती कसली आणि बिदागी कसली? घ्या एकविसावी पदवी!"

"ती 'मेला' धरून घ्यायची की सोडून?"

"जशी मिळाली तशी घ्यावी, सरकार!"

राजे पुन्हा पोट धरून हसले. हैबतीच्या काठीला सोन्याची मूठ चढली, ठकूबाईला जरीकाठी लुगडं मिळालं आणि राजांनी आपल्या हातातलं कडं काढून हौसाला दिलं. दिवाणजी तेवढे अजून आपली पगडी शोधत होते.