इर्मामावशीचा दिवस कापणीतच येतो

विषय: शेतावर पाणी पाजणाऱ्या एका मयत बाईस संतपद व वार्षिक सण मिळणेबाबत.

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या ख्रिस्ती मुलखात एक सरदार होता आणि त्याच्या गव्हाच्या शेतांत वेठीला राबणारं एक गाव होतं. सुट्टी मिळे ती फक्त संतांच्या सणाला. त्यामुळे गावाची संतांवर अपार श्रद्धा होती. सरदाराच्या मते मात्र संत गरजेपेक्षा जास्त झाले होते.

त्या गावातली इर्मा नावाची विधवा कापणीत सगळ्यांना पाणी पाजायची. एका वर्षी, संत लॉरेन्सच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, मुकादम विहीर अडवून बसला. म्हणाला, "शेत कापून झाल्याशिवाय पाणी नाही." भर उन्हात एक पोरसवदा मजूरबाई भोवळ येऊन पडली. इर्माने आपल्या वाट्याची घागर तिला पाजली, उरलेलं घोटघोट बाकीच्यांना दिलं, आणि स्वतः कोरड्या घशाने बांधावर कोसळली ती उठलीच नाही.

लोक तिच्या थडग्याला हात लावून कामावर जाऊ लागले. तेव्हा गावच्या पाद्र्याने बिशपकडे अर्ज करायचं ठरवलं. संताचा सण त्याच्या मृत्यूच्या दिवशी येतो. तोच त्याचा स्वर्गातला जन्म. पण अर्जावर सरदाराची मोहर लागे.

"बाई भली होती, माझी हरकत नाही," सरदार म्हणाला. "फक्त तिला हिवाळ्यात मरू द्या."

"सरकार, ती कापणीत गेली."

"कापणीत एक दिवस गेला की गहू गळतो, फादर. हिवाळ्यात बर्फच असतं. डिसेंबरात संत लुसीच्या सणाशेजारचा दिवस रिकामा आहे. तेवढं लिहा, मंजुरी मी आणतो. वर चर्चला नवी घंटा."

चर्चची घंटा तडकलेली होती. वाजली की पातेलं पडल्यासारखं वाटे. पाद्री प्रामाणिक होता, पण बहिरा नव्हता. त्याला मोह पडला.

वाटेत तीच मजूरबाई भेटली. पाद्री म्हणाला, "इर्मामावशीचा सण मिळतोय हो. फक्त हिवाळ्यात."

बाईने डोक्यावरची घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "हिवाळ्यात कुणाला तहान लागते, फादर?"

पाद्र्याने घरी जाऊन खरा दिवस लिहिला. मोहर मिळाली नाही, घंटाही नाही. अर्ज तसाच गेला.

पुढल्या कापणीत, संत लॉरेन्सच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी ती तडकलेली घंटा वाजली. विळे थांबले. लोक बांधावर जमले आणि प्रत्येकाने आधी शेजारच्याला पाणी पाजलं.

"आज कुठला सण?" मुकादम खेकसला.

"सण कसला, मुकादम? तहान लागली आहे," मजूरबाई म्हणाली आणि तिने पहिला वाडगा त्याच्यापुढे धरला. ऊन मुकादमालाही लागत होतं. तो प्यायला, आणि पिऊन झाल्यावर त्याला ओरडणं जमेना. तेव्हापासून दरसाल त्या दुपारी विळे थांबतात.

तात्पर्य: भल्या माणसाची आठवण आपल्या सोयीच्या दिवशी ठेवली, तर ती त्याची राहत नाही, आपली होते.

मधल्या काळात सरदार गेला, बिशप बदलले. सदर अर्ज अद्याप विचाराधीन आहे.