जुन्या फोनला काय झेपतं?

कुडाळच्या निवृत्त नर्स वत्सलाबाई तोरसकर यांचा फोन धडधाकट होता, पण पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला देणारं अ‍ॅप त्यावर उघडेना. फोनला नवं अपडेट हवं, आणि कंपनीनं तर या मॉडेलची अपडेट कधीच बंद केलेली. आपण जिवंत आहोत हे सांगायला नवा फोन घ्यायचा, या विचारानं बाई नुसत्या धुमसत होत्या.

अशात त्याच कंपनीचे मोठे साहेब ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यानाला आले. सत्काराची शाल खांद्यावर पडताच ते फुलले. बाईंनी गाऱ्हाणं मांडलं, तर म्हणाले, "आजी, वय झालं की फोनही थकतो. आमचं नवं काहीच त्याला झेपत नाही. झेपलेलं एक जरी दाखवलंत, तर ही शाल तुमची आणि अपडेट उद्याच देतो."

"हे जरा माइकवर सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

साहेबांनी हसत हसत सांगितलं.

बाईंनी आपला फोन माइकपाशी धरला. गाणं दणाणलं. 'जुना फोन द्या, नवा न्या!'

"तुमचीच जाहिरात. आज सकाळी आली, मी न मागता. नाचगाण्यासकट कुठे अडखळत नाही. फोन थकतो तो फक्त माझ्या कामाला."

मागच्या रांगांतूनही एकेका फोनवर तेच गाणं वाजू लागलं. साहेबांचा हात शालीकडे गेला.

"ती असू द्या तुम्हालाच," बाई म्हणाल्या. "उद्याचं बोला."