काशाची वाटी आणि राणीची पावलं

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता. त्याला पहाटे भाट उठवीत नसत की नगारे उठवीत नसत. राणी केतकावती अनवाणी फुलं वेचायला निघे, तिच्या पावलांच्या आवाजाने त्याचे डोळे उघडत. एवढं सुख पदरात असून राजाला ते पुरलं नाही. त्या पावलांत पैंजण वाजावेत, असं त्याच्या मनानं घेतलं.

तसे पैंजण होते तमोमल्ल मांत्रिकाच्या गुहेत. दारावरचा राघू म्हणाला, "राजा, हे धन शापाचं आहे. हात लावू नकोस." पण मोहाला कान नसतात. राजाने पैंजण आणले आणि आपल्या हातांनी राणीच्या पायांत चढवले.

पैंजण कातडीत विरघळले. त्या क्षणापासून राणीच्या तळव्यांतल्या शिरा पेटल्या. टाचेपासून बोटांपर्यंत सुया टोचत, मुंग्या धावत, रेशमी पांघरूणही पायांना सोसेना. फरशी निखाऱ्यासारखी लागे, म्हणून तिला तळ्यातल्या जलमहालात नेऊन ठेवलं. वैद्यांनी लेप लावले. मल्लांनी पाय रगडले, तर दुखणं दुप्पट झालं. मग राणीने दार लावून घ्यायला सांगितलं.

भरला राजवाडा राजाला ओकाबोका वाटू लागला. पहाट होई, पण कोणाची चाहूल लागत नसे. तो उशीत तोंड खुपसून रडे. राजा झाला म्हणून काय झालं. दिवसभर तळ्याकाठी बसून त्या बंद दाराकडे बघे.

शेवटी तो राघूकडे गेला. "मी सांगितलं होतं" असं राघू म्हणाला नाही. पक्षी माणसांपेक्षा बरे. तो म्हणाला, "यक्षिणीच्या विहिरीतली काशाची वाटी आण. शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप कर. आणि ज्या हातांनी पैंजण चढवले, त्याच हातांनी तळवे चोळ. रगडू नकोस. हलकं चोळ."

यक्षिणीने वाटीच्या बदल्यात राजाचे जोडे मागितले. त्याने ते दिले आणि काट्याकुट्यांतून अनवाणी परतला. पाय दुखतात म्हणजे काय, हे त्याला त्या वाटेवर पहिल्यांदा कळलं.

तूप धुवायला दासी धावल्या, त्यांना त्याने परत पाठवलं. तांब्याच्या परातीत स्वतः तूप फेटलं, पाणी ओतलं, काढलं, पुन्हा ओतलं. हात भरून आले, तेव्हा कुठे तूप लोण्याहून मऊ झालं.

तिसरं काम त्याला सोपं वाटलं होतं. दासीने दार उघडलं, राजा राणीपुढे जमिनीवर बसला, तशी राणीने पावलं लुगड्यात ओढून घेतली.

"महाराज, नवऱ्याने बायकोच्या पायांना हात लावू नये. मला पाप लागेल."

"पैंजण घालताना लावला होता."

"तो दागिना होता. ही सेवा आहे."

"तेव्हा मी पैंजण पाहिले, राणी, तुझे पाय पाहिलेच नाहीत. तुझी पावलं वाजायची थांबली, तेव्हापासून माझी पहाट झालेली नाही. पाप मला लागू दे."

राणीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने एक पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

राजाने तूप लावलं आणि वाटी तळव्यावर फिरवू लागला, टाचेपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत. नजर तिच्या चेहऱ्यावर होती. कपाळाला आठी पडली की तो हात हलका करी. वाटीखालचं तूप काळं होत गेलं. दोन्ही पाय चोळून झाले, तसे त्या काळ्या तुपातून पैंजण खळकन जमिनीवर पडले. खिडकीतून आलेल्या राघूने ते चोचीत धरून गुहेत परत नेले. राणीला कळलंही नाही, ती झोपी गेली होती.

पुन्हा ती राजवाड्यात आली. पहाटे अंगणात पावलं वाजली, पैंजणांवाचून. राजा जागा झाला, पण डोळे मिटूनच पडून राहिला. किती दिवसांचं ऐकायचं राहिलं होतं.

राघूचं ऐकणाऱ्याचं भलं झालं, तसं तुमचंही होवो. त्या राज्यात आजही लग्नात नवऱ्या मुलाच्या हातात काशाची वाटी देतात. बायका "पाप लागेल हो" म्हणतात, पण पाय मागे घेत नाहीत.